गुंदच्या शाळेतली बुर्जी

आप्पा,

गेल्या रविवारी मी आमच्या गुंदच्या शाळेत बुद्धिबळाची स्पर्धा भरवली. तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली आणि त्याच्याही आधीपासून मी पटाला हात लावलेला नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे नवऱ्यानं विचारलंच, "हे काय आता मध्येच?" झालं असं, की तालुक्यातून एका मुलाला किंवा मुलीला आठ दिवसांच्या बुद्धिबळ शिबिराला पाठवायचं, निवड तुमच्या शाळेनं करावी, असं पत्र आलं. मुख्याध्यापकांनी ते स्टाफरूमच्या टेबलावर ठेवलं आणि एकजात सगळे शिक्षक आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. मी गणिताची बाई, निवृत्तीला चार वर्षं उरलेली, कुठल्याही नव्या कामाला सगळ्यात आधी नाक मुरडणारी. पण मीच म्हणाले, "मी घेते." तोंडातून निघून गेलं. नंतर दोन दिवस स्वतःवरच चिडून होते.

स्पर्धा स्विस पद्धतीची घ्यायची, एवढं मात्र मी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं. तुमच्या वेळी ही पद्धत इकडं कुणाला माहीत नव्हती. ह्यात हरलं म्हणून कुणी घरी जात नाही. पाच फेऱ्या असतात आणि सगळ्यांनी पाचही खेळायच्या. पहिली फेरी झाली की जिंकलेल्याची गाठ जिंकलेल्याशी, हरलेल्याची हरलेल्याशी. ज्यांचे गुण सारखे ते समोरासमोर बसतात, आणि एकदा ज्याच्याशी खेळलो त्याच्याशी पुन्हा नाही. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला आपल्या तोडीचं कुणीतरी सापडतं. पहाटे दिग्गीहून निघालेलं पोर दहा मिनिटांत बाद होऊन दिवसभर गाडीची वाट बघत पायरीवर बसतंय, असं होत नाही. मला ही पद्धत का बरी वाटली, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

जोड्या लावायला हल्ली कॉम्प्युटर असतो म्हणे. पुतणीनं माझ्या मोबाइलमध्ये ते घालूनही दिलं होतं. पण आमच्या शाळेत रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं तर, आणि टाकीला टेकून स्पर्धा घेता येत नाही. मग मी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढल्या, त्यांच्या कोऱ्या पाठी कापून प्रत्येक मुलाचं एकेक कार्ड केलं. कार्डावर नाव, गाव, कुणाशी खेळला, पांढरी घेतली की काळी, किती गुण. फेरी संपली की सगळी कार्डं टेबलावर गुणांप्रमाणे मांडायची आणि जोड्या लावायच्या. चोवीस मुलं येणार होती, आली तेवीस. विषम आकडा म्हणजे प्रत्येक फेरीत कुणीतरी एकजण बिनखेळता बसणार आणि त्याला फुकटचा एक गुण मिळणार. असं बसणारं पोर तोंड पाडून बसतं, म्हणून त्याच्या हातात मी उकडलेल्या कणगाच्या कंदांची ताटली द्यायचे. कणगं काढायचे दिवस होते, स्वयंपाकाच्या बाईंनी मोठं पातेलं भरून उकडली होती. शेवटी शेवटी दोन पोरं विचारायला आली, "टीचर, पुढल्या फेरीत मी बसू काय?"

त्या तेवीसांत दिग्गीची एक मुलगी होती. सातवीतली, अंगावर शाळेचा विटलेला स्वेटर, घट्ट वेण्या. तिच्याबरोबर तिचा आज्जा आला होता. तो दिवसभर बाहेर आंब्याखाली पान खात बसला. पहिल्या फेरीत मी बाकांमधून फिरत होते, तर माझं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. बाकीची मुलं मोहरं उचलून पटावर आपटत होती, हल्ली तशी पद्धतच झालीय. ही मुलगी घोडा दोन बोटांनी कानाला धरून उचलायची आणि ठेवायची अशी, की आवाज होऊ नये. मी तिथंच उभी राहिले. आप्पा, मोहरं असं ठेवणारा एकच माणूस मी आयुष्यात बघितला होता.

तुम्ही स्वयंपाकघरात चुलीच्या उजव्या अंगाला बसायचा. भाताची लावणी उरकलेली, डेपोतलं लाकडाचं काम पावसानं बंद, आणि तुम्हाला रिकामं बसवत नाही. फणसाच्या फळीवर कोळसा आणि चुना लावून तुम्ही पट आखला होता. पांढरी मोहरी शिवणीची, काळी शिसवीची, सगळी डेपोतल्या तुकड्यांतून विळ्यानं आणि काचेनं तासलेली. हत्तींना खरंच सोंड होती. एका उंटाची मान तुटली होती, त्याला तुम्ही लाखेनं जोडला होता आणि तो मेला की मी रडायचे, म्हणून तुम्ही शक्यतो त्याला मारायचा नाही. आई भाकरी थापते आहे, धूर डोळ्यांत जातो आहे, आणि तुम्ही मला सांगता आहात, "घाई कराय न्हाई. हात लावलास की चालावं लागतंय."

तुमचा खेळ जुना, देशी. प्यादं एकच घर पुढं जायचं. आणि कुणा एकाची सगळी मोहरी मरून राजा एकटा उरला, की तुम्ही डाव तिथंच थांबवायचा. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी नऊ वर्षांची असेन. तुमचा राजा एकटा होता, माझ्याकडं हत्ती आणि वजीर दोन्ही होते, मी आनंदानं नाचायच्या बेतात होते. तुम्ही म्हणालात, "झाली बुर्जी. डाव बरोबरीत." मी भांडले. जिंकत आलेला डाव बरोबरीत कसा? तुम्ही म्हणालात, "राजा एकटा उरला की त्याला माराय न्हाई गे. सगळं गेलंय त्याचं. आनि काय घेणार हाईस त्याच्याकडनं? मात कराय पायजे ती त्याची मानसं जित्ती असताना." तव्यावरची भाकरी उलटत आई म्हणाली, "त्या लाकडाच्या राजाची एवडी कीव येत्या, आनि हितं मी सकाळपासनं एकटी राबतोय ती कुणाला दिसत न्हाई." तुम्ही हसलात, उठलात आणि पाण्याची कळशी आणायला गेलात. पट तसाच मांडून ठेवला. आम्ही तो डाव पुन्हा खेळलो, आणि पुन्हा बुर्जीच झाली.

आता तो दिवस. मी आठवीत होते. तालुक्याला स्पर्धा होती, बाद पद्धतीची, एक डाव हरलं की संपलं. आमच्या गुरुजींनी आठवडाभर मला नवे नियम शिकवले, प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं, राजाला किल्लेकोट करता येतो. तुम्ही डेपोतून सुटी मागितली होती, मिळाली नाही. मी गुरुजींबरोबर गेले. पहिले दोन डाव जिंकले. तिसरा डाव शहरातल्या एका मुलीशी होता. तिच्या वेणीला लाल रिबीन होती आणि ती रिबिनीचं टोक चावत खेळायची. डाव माझ्या हातात आला, तिचा राजा एकटा उरला, आणि मी उठून उभी राहिले. म्हणाले, "बुर्जी झाली." पंचांना काही कळेना. मग कुणीतरी त्यांना समजावून सांगितलं आणि सगळी खोली हसली. मोठी माणसंसुद्धा हसली. पंचांनी बरोबरी धरली, निकाल लावायला पाच मिनिटांचा दुसरा डाव दिला आणि तो मी हरले. रिबीनवाली पुढं जाऊन पहिली आली.

गुरुजी आधीच्याच थांब्यावर उतरले होते. संध्याकाळी गाडीतून उतरले तर तुम्ही फाट्यावर उभे. डेपोतून तसेच आला होता, सदऱ्यावर लाकडाचा भुसा. मला बघून तुमचा हात सदऱ्याच्या खिशाकडं गेला. मी तुम्हाला बोलूच दिलं नाही. रस्त्यात, गाडीतली माणसं ऐकत असताना, मी ओरडले, "तुमच्यामुळं हरले मी! असला नियम कुठंच नसतोय. तुम्हाला खरं बुद्धिबळ येतच न्हाई, आनि मला चुकीचं शिकवलासा. सगळे हसले मला." तुमचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला. तुम्ही एवढंच विचारलंत, "व्हय? असला नियम न्हाई?" मी म्हटलं, न्हाई. घरापर्यंत तुम्ही माझ्या मागून चालत होता. दुसऱ्या दिवशी पट माळ्यावर गेला. तुम्ही मला पुन्हा कधी खेळायला बोलावलं नाहीत आणि मी कधी बसले नाही. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही चुलीजवळ बसून नुसते सुंभ वळायचा. आईनं एकदा दोघांकडं बघून म्हटलं, "आता तरी बसा की दोगं बी." पट काढायला कुणीच उठलं नाही. मग मी शिकायला बाहेर गेले, लग्न झालं. शेवटच्या वर्षी आले होते तेव्हा अंथरुणावरून तुम्ही विचारलंत, "खेळतेस काय गे अजून?" मी म्हटलं, "वेळ कुठं असतोय आप्पा." तुम्ही मान हलवलीत. त्या दोन वाक्यांच्या मध्ये मला सगळं बोलता आलं असतं. तुम्ही गेल्याची बातमी पावसात तिसऱ्या दिवशी पोचली, तेव्हा मला आधी आठवलं ते हे.

तर रविवारची पाचवी फेरी. दिग्गीची मुलगी चारपैकी चार डाव जिंकली होती. तिच्यासमोर रामनगरचा एक मुलगा, त्याचेही चारपैकी चार. तो शनिवारी-रविवारी बेळगावला क्लासला जातो, चाली कागदावर लिहून घेतो, गुणी मुलगा आहे. जो जिंकेल तो शिबिराला. बरोबरी झाली तर दोघांचे प्रतिस्पर्धी किती गुणांचे होते त्याची बेरीज करायची आणि ज्याची जास्त तो पुढं, हे सकाळी मी नियमांबरोबर वाचून दाखवलं होतं. बाकीचे डाव संपले, मुलं हळूहळू त्या एका बाकाभोवती गोळा झाली. मी त्यांना मागं सारत होते, पण मीच सगळ्यात पुढं होते. मुलीनं त्याचा घोडा खाल्ला, मग एकेक करत प्यादी. त्याला क्लासच्या सरांनी सांगितलेलं असणार, डाव सोडायचा नाही म्हणून. त्याचे कान लाल झाले होते, डोळे भरले होते, आणि तरी तो खेळत होता. तिनं त्याचं शेवटचं प्यादं हत्तीनं उचललं, पटाच्या कडेला हळूच ठेवलं, डावाचं घड्याळ दाबलं. तिच्याकडं हत्ती आणि दोन प्यादी, त्याच्याकडं नुसता राजा.

ती उठून उभी राहिली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "टीचर, बुर्जी झाली."

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. मागून कुणीतरी खिदळलं. आप्पा, घड्याळ चालू होतं, ते थांबवायचं असतं हेसुद्धा मला क्षणभर सुचलं नाही. मग थांबवलं. तिच्याजवळ वाकून म्हणाले, "बाळ, आपल्या नियमांत बुर्जी नाही. तू जिंकतेयस. बस खाली, आठ-दहा चालींत मात होईल."

"ठावं हाय टीचर," ती म्हणाली. "सकाळी तुमीच वाचून दाखिवलासा की."

"मग?"

"त्याचं समदं संपलंय ओ. आता एकट्याला किती पळवायचं?"

"अगं, शिबिर जाईल तुझं. कळतंय ना?"

तिनं खिडकीतून बाहेर आज्जाकडं बघितलं. तिला ते शिबिर हवं होतं, अगदी हवं होतं. म्हणाली, "जाऊ दे." आणि त्या मुलापुढं हात केला. तो आधी माझ्याकडं बघत राहिला, मग त्यानं हात मिळवला. मी दोघांच्या कार्डांवर अर्धा-अर्धा गुण लिहिला. टेबलाशी जाऊन प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज केली. चुकली असेल म्हणून पुन्हा केली. तिसऱ्यांदाही तो मुलगाच पुढं आला. गणिताच्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपली बेरीज चुकावी.

बक्षिसं वाटून झाल्यावर मी आंब्याखाली गेले. आज्जाला नातीनं सगळं सांगितलं होतं आणि तो बोळक्या तोंडानं हसत होता. मला बघून उठायला लागला, मी म्हटलं बसा. त्यानं डोळे बारीक करून विचारलं, "तुमी डेपोवाल्याची लेक न्हवं?" मी हो म्हटलं. तो तुमच्याबरोबर डेपोत लाकडं ओढायला होता. म्हणाला, "जायच्या आदल्या साली तुमचं आप्पा पट घिऊन माझ्या घरला आलं. एवडं चालत. म्हणालं, ठेव बाबा, आमच्या घरात आता कोन खेळत न्हाई. समदी मोहरी जुनी, पांढरा वजीर तेवडा नवाकोरा. लेकीसाठी केला हुता म्हणालं, द्यायचा ऱ्हायला. त्याच पटावर शिकली बगा ही पोर."

मला तो सदऱ्याचा खिसा आठवला. मी खाली बसले.

तो पुढं म्हणाला, "आनि जाताना दारात थांबलं. म्हणालं, कुनाला शिकिवलास तर नवं नियम शिकीव. बुर्जी तेवडी शिकवू नको. माझ्या लेकीला म्या चुकीचं शिकिवलं. तिला ठावं नव्हतं, पोर हसं हून घरला आली. माझ्यामुळं नुकसान झालं तिचं. दोनदा सांगटलं मला त्येनी. पर मी काय ऐकलं न्हाई. बुर्जीबिगर कसला डाव ओ?" पान थुंकून आला आणि माझ्या तोंडाकडं बघत म्हणाला, "खरंच तुमाला ठावं नव्हतं?"

मी म्हटलं, "व्हय. नव्हतं ठावं."

त्यानं मान हलवली, अगदी तुमच्यासारखी. रामनगरच्या मुलाच्या वडलांचा टेम्पो दिग्गीच्या फाट्यापर्यंत सोडायला तयार झाला होता. नातीनं आज्जाला हात देऊन वर घेतलं. तो मुलगा सरकून बसला, त्यानं तिला खिडकीकडची जागा दिली. जाताना आज्जा ओरडून म्हणाला, "येवा एकदा. पट बगून जावा." मी हात हलवला.

आप्पा, मला ठाऊक होतं.

तालुक्याला जाताना गाडीत गुरुजींनी मला बजावलं होतं, "तिथं तुझ्या वडलांची बुर्जी-बिर्जी चालायची नाही हं. राजा एकटा उरला तरी मात करायची." मी म्हटलं होतं, "हो गुरुजी." दोनदा म्हणवून घेतलं होतं त्यांनी. आणि तरी, त्या मुलीचा राजा कोपऱ्यात एकटा उरला, तिच्या तोंडातली रिबीन सुटून पडली, ती रडू आवरत पटाकडं बघत राहिली, आणि मला तुमचा आवाज ऐकू आला, सगळं गेलंय त्याचं. मी सगळं कळून-सवरून उठले. उठताना मला जराही भीती वाटली नाही. वाटलं, संध्याकाळी फाट्यावर आप्पा असतील, त्यांना सांगेन, त्यांना किती बरं वाटेल. मग सगळे हसले. त्या हसण्याची मला एवढी लाज वाटली, की मी केलेली ती एक चांगली गोष्ट परतीच्या गाडीत बसल्या बसल्या मी तुमची चूक करून टाकली. तुम्ही ती अंगावर घेतलीत, पट माळ्यावर टाकलात, आणि मरायच्या आदल्या वर्षी तेवढं चालत जाऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहून कबूल करून आलात. तुम्ही न केलेली चूक.

त्या पोरीला कुणी विचारलंही नव्हतं, तरी तिनं बाकीच्या बावीस मुलांसमोर सांगितलं, ठावं हाय. मला पन्नाशी उलटून गेल्यावर एका बोळक्या म्हाताऱ्यानं आंब्याखाली, कुणी ऐकत नसताना विचारलं, आणि मी पुन्हा खोटं बोलले.

हा कागद मी त्या तेवीस कार्डांच्या गठ्ठ्यात ठेवते आहे. दिग्गीकडं जाणारी गाडी रोज शाळा सुटायच्या वेळेला फाट्यावर थांबते. ह्या आठवड्यात मी तीनदा तिथं जाऊन उभी राहिले. चढले नाही.